बाबांची पूजा, माझं शूटिंग

घरच्या घरी चांगला व्हिडिओ करायला पैसा फारसा लागत नाही. लागते ती घरातल्या माणसांना गप्प बसवायची हिंमत. आमच्याकडे शूटिंग सुरू व्हायच्या आधी पंखा बंद व्हायचा, मग फ्रीज, मग पाण्याची मोटर, मग कुकर आणि सगळ्यात शेवटी बायको. "मला बंद करायचं बटण अजून निघायचंय," असं ती ऐकवायची, पण दार ओढून घेऊन ओसरीवर जाऊन बसायची. झाशीत एप्रिल संपता संपता बिनपंख्याच्या बंद खोलीत बसणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. बाबा त्या खोलीत कद नेसून, उघड्या अंगाने पाटावर बसायचे आणि त्यांच्या कपाळावरचं गंध घामाने नाकापर्यंत उतरायचं. मी त्यांना दर दहा मिनिटांनी टॉवेल द्यायचो आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचो.

ही विद्या मी टाळेबंदीत शिकलो. मी झाशीजवळच्या मोठ नावाच्या गावी एका इंटर कॉलेजात विज्ञान शिकवतो, रोज बसने जातो-येतो. तेव्हा वर्ग घरून घ्यायचे होते आणि हातात होता एक साधा फोन. मी भिंतीवर फळा लावला, फोन मिक्सरच्या खोक्याला रबरबँडने बांधला आणि एकेक गोष्ट ठेचकाळत शिकत गेलो. उजेड खिडकीचाच घ्यायचा, पण खिडकी पाठीमागे ठेवायची नाही. तोंडाची एक बाजू काळी पडली तर समोरून थर्माकोलचा पांढरा तुकडा धरायचा. आमच्याकडे गणपतीच्या मखराचे दोन तुकडे माळ्यावर पडले होतेच. खोलीत आवाज घुमत असेल तर दोरीवर रजया वाळत घातल्यासारख्या टांगायच्या. गळपट्टीला लावायचा माइक बाजारात सहज मिळतो, तो एवढा एकच विकत घ्यायचा. माझे धडे इतके स्वच्छ ऐकू येत की स्टाफरूममध्ये लोक मला "डायरेक्टर साहब" म्हणू लागले. मला ते आवडायचं. आज ते आठवलं की कान तापतात.

बाबांच्या पूजेचे व्हिडिओ करायची कल्पना मात्र माझी नाही, त्यांची.

आम्ही जुन्या झाशीतले, खंडेराव गेटच्या आतले. किती पिढ्यांपासून, ते आता कुणी मोजत नाही. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात हिंदी इतकी मिसळलेली की पुण्याचे नातेवाईक फोनवर हसतात. बाबा सरकारी कचेरीत बाबू होते, पुरोहित नव्हेत. पूजा सांगायला ते आजोबांकडून शिकले आणि गावातले शेवटचे मराठी गुरुजी गेल्यावर हे काम आपोआप त्यांच्याकडे आलं. गणपती, सत्यनारायण, मंगळागौर, श्राद्ध, सगळं आपल्या पद्धतीने सांगणारा माणूस झाशीत एवढाच उरला. आमच्यासारखी जुनी घरं त्यांना बोलवायची आणि सरकारी कंपनीच्या कॉलनीत महाराष्ट्रातून बदलून आलेले इंजिनिअरही बोलवायचे. गल्लीतले लोक पंडितजी म्हणत. बाबा दर वेळी सांगत, "पंडित नहीं भैया, रिटायर्ड बाबू." पण सांगताना चेहरा फुललेला असायचा.

त्यांना एकच भीती होती आणि ती आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. त्यांचे थोरले भाऊ, माझे काका, सत्तरीला आले तेव्हा आधी पूजेत चुकू लागले. नैवेद्याआधीच आरती लावायचे, एकच संकल्प तीनदा सोडायचे. लोकांनी वय म्हणून दुर्लक्ष केलं. तीन वर्षांनी काका आपल्याच दारासमोर उभे राहून, हे कुणाचं घर, असं विचारत होते. बाबांनी ते सगळं हाताने उस्तवारलं होतं. त्यांना एकाहत्तरावं लागलं तेव्हा ते मला म्हणाले, "ज्या दिवशी माझी पूजेत चूक होईल ना, त्या दिवशी पोथी बांधून ठेवीन. लोकांच्या घरी जाऊन तमाशा नाही करायचा. त्याच्या आत तू हे सगळं त्या फोनमध्ये भरून ठेव. गणपतीपर्यंत झालं पाहिजे."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं. मी हुरळून गेलो. आणि खरं सांगायचं तर त्याच दिवसापासून मी त्यांच्यावर नजरही ठेवू लागलो. त्यांनी चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधला, की मी मनात टिपायचो. चहात दुसऱ्यांदा साखर घातली, की टिपायचो. माझाही चष्मा आठवड्यातून दोनदा हरवतो, पण तो मी कधी टिपला नाही.

शूटिंगची मांडणी मी फार विचाराने केली. मागे पांढरी चादर ताणली. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, कारण नजर तिकडे जाते. घड्याळ काढलं, कारण टिकटिक येते. शिकवायचा व्हिडिओ असला की दोन बाजूंनी घ्यावा, म्हणजे बघणारा कंटाळत नाही, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून बायकोचा फोन वरून दोरीला टांगला. त्यात फक्त ताम्हण, पळी आणि बाबांचे हात. माझा फोन समोर, त्यात बाबा कमरेपासून वर. ते बोलत असतील तेव्हा समोरचं चित्र आणि हात चालू झाले की वरचं. आवाज माझ्या जुन्या फोनवर, आणि मी कानाला हेडफोन लावून कोपऱ्यात.

अडचण एकच होती. बाबा बोलता बोलता डावीकडे कलायचे आणि अर्धे चौकटीबाहेर जायचे. दर दोन मिनिटांनी विचारायचे, "दिसतोय का रे मी?" मग मी युक्ती केली. फोन उलटा फिरवला, म्हणजे पडदा बाबांकडे, आणि सेल्फीचा कॅमेरा चालू केला. आता त्यांचं त्यांना दिसत होतं. ते सरळ बसू लागले, मधूनच पडद्यात बघून शेंडी नीट करू लागले. ही युक्ती मला सुचल्याबद्दल मी त्या दिवशी बायकोला दोनदा सांगितलं.

संध्याकाळी मी जोडाजोड करायला बसलो की बाबा शेजारी खुर्ची ओढून बसत. त्यांना त्याचं फार नवल वाटायचं. एकदा म्हणाले, "इथे मी खोकलो होतो. खोकला कुठे गेला?"

"काढला."

"आणि तो कुत्रा?"

"तोही काढला."

"मी प्राणप्रतिष्ठेत अडखळलो होतो, ते?"

"दुसऱ्या वेळचं बरोबर होतं, ते जोडलं."

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "कमाल आहे. तू वाटेल ते करू शकतोस." मी मान ताठ करून काम करत राहिलो.

पहिला व्हिडिओ पुरा झाला तो रविवार होता. बायकोने शिरा केला. फोन टीव्हीला जोडला आणि आम्ही तिघं बघायला बसलो. आवाज असा लागला होता की बाबा खोलीतच बोलताहेत असं वाटावं. बायको म्हणाली, "बाबा थोडे वेगळेच दिसतात, नाही?" मी म्हणालो, उजेडामुळे. आणि बाबांनी हात वर केला.

"थांबव. जरा मागे घे."

मी मागे घेतलं. बाबा उठले, टीव्हीजवळ गेले आणि पडद्यावरच्या स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "अपसव्य," ते म्हणाले.

देवाच्या पूजेत जानवं डाव्या खांद्यावर असतं, ते सव्य. पितरांचं काही करायचं असेल तेव्हाच ते उजव्या खांद्यावर घ्यायचं, ते अपसव्य. एवढं आमच्या घरात पोरासोरांना कळतं. बाबांनी तर चाळीस वर्षं यजमानांच्या समोर बसून काढलेली. समोरच्याचं जानवं कुठल्या खांद्यावर आहे ते बघायचं आणि चुकलं असेल तर नुसत्या बोटाने खुणवायचं, ही त्यांची सवय. त्यांची नजर यात चुकणार नव्हती. मीही बघितलं. टीव्हीवरच्या बाबांच्या उजव्या खांद्यावरून जानवं खाली आलेलं होतं आणि ते गणपतीचं आवाहन सांगत होते.

"गणपती बसवतोय आणि जानवं श्राद्धाचं," बाबा हळू आवाजात म्हणाले.

"होतं असं कधीतरी. पुन्हा करू," मी म्हणालो.

बाबांनी शिरा खाल्ला नाही. खोलीत जाऊन दार लोटून पडून राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणालो, "सुरू झालं."

"काय सुरू झालं?"

"काकांचं झालं तेच."

तिने गॅस बंद केला. "तुम्ही तिथेच बसला होतात ना? तुम्हाला नाही दिसलं तेव्हा?" मी म्हटलं, मी आवाजाकडे लक्ष देऊ की जानव्याकडे? त्यावर तिने भांडी जरा जोरात ठेवली.

आठ दिवसांनी बाबा स्वतःच म्हणाले, पुन्हा करू. त्या सकाळी ते माझ्याआधी उठले होते. आंघोळ करून, गंध लावून, पाटावर येऊन बसले. मी रजया टांगल्या, चादर ताणली, दोन्ही फोन चालू केले. बाहेर भाजीवाल्याची गाडी भोंग्यावर ओरडत चालली होती; ती कधी वळणावरून पुढे जाते याकडे माझा कान लागलेला. बाबांनी खांदा धरला, एवढं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून जाणवलं, आणि त्यांनी विचारलं, "हे बरोबर आहे ना रे?"

"हो हो, चला," मी म्हणालो. नजर हातातल्या फोनवर होती, आवाजाची रेघ अजून खालीवर होत होती. मान वर करायला एक क्षण पुरला असता.

त्या दिवशीसारखी पूजा बाबांनी कधीच सांगितली नव्हती. एकदाही अडखळले नाहीत. मी कोपऱ्यात हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकत होतो. संथ, खणखणीत, एकेक शब्द सुटा. शेवटचा नमस्कार ऐकला तेव्हा मलाही भरून आलं होतं. मी त्याच दिवशी सगळं जोडलं; जोडतानाही नजर आवाजाच्या रेघांवरच होती. सुरुवातीचं त्यांचं विचारणं आणि माझं हो हो अर्थातच कापून टाकलं. माझ्या फोनात जागा कधीच नसते, म्हणून काम झालं की मूळ चित्रण आणि आवाज, दोन्ही पुसून टाकायची माझी शिस्त होती. ती मी पाळली.

संध्याकाळी टीव्ही लावला. या वेळी बाबांनी खुर्ची अगदी पुढे घेतली होती. चित्र सुरू झालं आणि दुसऱ्या क्षणाला मला दिसलं. पुन्हा उजवा खांदा.

बाबा ओरडले नाहीत. खुर्चीतच माझ्याकडे वळले. "मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले. "खांदा धरून विचारलं होतं. तू हो म्हणालास."

बायको दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी सांगू शकलो असतो की हो, विचारलंत, आणि मी न बघताच हो म्हणालो. एवढंच तर होतं. पण आठ दिवसांपूर्वीचं तिचं बोलणं मला झोंबलेलं होतं. आता पुन्हा मीच चुकलो असं तिच्यासमोर कबूल करणं माझ्या जिवावर आलं. आणि दुसरंही एक होतं, तेही लिहून टाकतो. ज्याचं डोकं जायला लागलंय त्याला खरं काय आणि खोटं काय, असं माझ्या मनात आलं.

"नाही बाबा," मी म्हणालो. "तुम्ही काही विचारलं नाहीत."

"नाही विचारलं?"

"नाही."

"मला तर आठवतंय." त्यांनी आपला डावा खांदा धरून बघितला. "बाहेर भाजीवाला होता."

मी टीव्हीला जोडलेली फोनची वायर काढू लागलो. बाबा "बरं," म्हणाले आणि उठले. त्यांनी पोथी लाल फडक्यात बांधली, फडताळात सगळ्यात वरच्या खणात ठेवली आणि खाली उतरून हात झटकले. काका गेले तेव्हाही मी त्यांचा चेहरा इतका पडलेला बघितला नव्हता.

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. बाबांनी सगळं धडाधड सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बाबूजी, आप तो हमसे तेज हैं," आणि मला म्हणाले की या वयाला ठीक आहे, काळजी करू नका. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "डॉक्टरला काय माहीत? त्याने वार विचारला. मला वार येतो. मी काय केलं ते मला आठवत नाही, आणि जे केलंच नाही ते आठवतंय. हे तू नाही सांगितलंस त्याला." खरंच मी नव्हतं सांगितलं.

गणपतीच्या आधी कॉलनीतून एक नवरा-बायको आले, नेहमीप्रमाणे बोलवायला. बाबांनी हात जोडले. म्हणाले, "आता माझ्याकडून नाही होणार जी." ती दोघं आर्जवं करत राहिली. शेवटी त्यांनी इंटरनेटवर कुणाचा तरी व्हिडिओ लावून पूजा केली, असं कळलं. प्रेम नगरच्या एक काकू, ज्यांच्याकडे बाबा तीस वर्षं जात होते, त्यांनी फोनवर मला विचारलं, "अरे, इतकं काय झालं? परवा देवळात भेटले तर चांगले बोलले माझ्याशी." मी आवाज खाली करून म्हणालो, "विसरायला लागलेत." असं मी बऱ्याच जणांना सांगितलं. गाव लहान, आपले लोक मोजके. महिनाभरात सगळ्यांना कळलं. लोक बाबांशी हळू आणि मोठ्याने बोलू लागले, लहान मुलांशी बोलतात तसे. बाबांनी संध्याकाळचं बाहेर जाणं बंद केलं. आंघोळीच्या वेळी ते मोठ्याने स्तोत्रं म्हणायचे, तीही बंद झाली. हातात वर्तमानपत्र असताना ते सुनेला विचारायचे, "आज गुरुवारच ना?" वार बरोबर असायचा. पण विचारल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

दिवाळी होऊन गेली. मोठला मी दहावीला प्रकाशाचं प्रकरण शिकवत होतो. आरशात डावीकडचं उजवीकडे दिसतं, हे मी वीस वर्षं शिकवतोय. दरवर्षी रुग्णवाहिकेवरच्या उलट्या अक्षरांचं उदाहरण देतो आणि दरवर्षी वर्ग तेवढाच हसतो. त्या दिवशी दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"सर, फोन में भी ऐसा ही होता है ना?"

"फोन में कैसे?"

"सर, मेरी दीदी मेहंदी का वीडियो बनाती है। उसने सेल्फी वाले कैमरे से बनाया। मेहंदी सीधे हाथ में लगाई थी, वीडियो में उलटे हाथ में दिख रही थी। पीछे वाले कैमरे से नहीं होता।"

मी तिला म्हणालो, हर फोन में नहीं होता होगा. मग फळ्याकडे वळून उभा राहिलो. हातात खडू होता. काय लिहायचं होतं ते आठवेना. वर्ग आधी हसला, मग गप्प झाला.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून सेल्फीचा कॅमेरा चालू केला आणि उजवा हात वर केला. मग चित्र लावून बघितलं. डावा हात वर होता. पुन्हा केलं. पुन्हा डावाच. शर्टाचा खिसा, पेनसकट, भलत्याच बाजूला गेला होता. शेजारचा माणूस म्हणाला, "मास्साब, तबीयत तो ठीक है?" मी फोन खिशात ठेवला. बाबांचं जानवं दोन्ही वेळा डाव्या खांद्यावरच होतं. त्यांना आठवत होतं ते सगळं तसंच घडलेलं होतं: खांदा धरला होता, मला विचारलं होतं, मी हो म्हणालो होतो, बाहेर भाजीवाला होता. सबंध घरात एकट्या त्यांचीच आठवण शाबूत होती. झाशी येईपर्यंत मी रडत होतो आणि लोक बघत होते.

घरी आल्याबरोबर बाबांसमोर बसलो. कॅलेंडरचं पान समोर धरून सेल्फीने चित्रण केलं आणि दाखवलं. सगळी अक्षरं उलटी. बाबांनी ती लक्ष देऊन बघितली. मग मी त्यांच्या पूजेचा व्हिडिओ उघडला, एक बटण दाबलं, चित्र डावं-उजवं फिरवलं, आणि जानवं डाव्या खांद्यावर आलं. "बघा," मी म्हणालो, "चूक तुमची नव्हती. कॅमेऱ्याची होती. माझी होती."

बाबांनी पूर्ण व्हिडिओ बघितला. माझ्या पाठीवर हात ठेवला. "छान केलंस," ते म्हणाले. "खोकला काढलास, कुत्रा काढलास, आता हेही सरळ केलंस."

"बाबा, मी सरळ नाही केलं, ते सरळच होतं!"

"बरं, बरं."

मग मी ते दुसरं सांगितलं.  म्हणालो, "तुम्ही मला विचारलं होतं. खांदा धरून विचारलं होतं. मी हो म्हणालो होतो आणि नंतर खोटं बोललो." बायको दारातच होती, तिनेही ऐकलं. तिने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. त्या दिवसानंतर चारेक दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली आणि ते बरोबरच होतं.

बाबा मात्र हसले. कसनुसं, समजूतदार हसले. "ते रेकॉर्डिंग आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. पुसलं."

"मग?" त्यांनी माझा हात हातात घेतला. "माझ्यासाठी स्वतःला खोटारडा म्हणवून घेऊ नकोस रे. मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस, कळतं मला. दादाशी मीही असाच बोलायचो."

त्यावर मी ओरडलो. हो, त्यांच्यावर ओरडलो, की तुम्हाला खरं सांगतोय तर ऐकत का नाही. ते दचकले आणि म्हणाले, "ऐकतोय ना. ऐकलं." आणि उठून आपल्या खोलीत गेले.

तो व्हिडिओ मी सरळ करून सगळ्यांना पाठवला आणि प्रत्येकाला फोन करून सांगितलं की बाबा विसरत नाहीत, चूक माझी होती. लोकांनी ऐकून घेतलं. "मुलगा फार चांगला आहे," असं प्रेम नगरच्या काकू बायकोला म्हणाल्या. आता बाबा खरोखरच विसरू लागलेत की सगळं विचारून विचारून त्यांचा स्वतःवरचा भरवसाच उडालाय, हे मला सांगता येत नाही. पुन्हा नेलं तेव्हा डॉक्टर "सुपरवाइज कीजिए", म्हणजे लक्ष ठेवा, असं म्हणाले. मी आता काही टिपत नाही. टिपायचा हक्क मी गमावलाय.

परवा सकाळी अंगणात कोवळं ऊन आलं होतं. बाबा आंघोळ करून, कमरेला पंचा गुंडाळून बाहेर आले. जानवं त्यांच्या ना डाव्या खांद्यावर होतं ना उजव्या. गळ्यात घातलेलं होतं, माळेसारखं, समोर पोटावर लोंबत.

"हे असं का घातलंत?" मी विचारलं.

"ऋषींच्या तर्पणाला असंच घालतात," ते म्हणाले. "रोज असं राहायचं नसतं खरं तर. पण यात डावं नाही, उजवं नाही. चुकायला काही राहतच नाही." हे सांगताना ते बऱ्याच दिवसांनी निवांत दिसले.

मी जवळ गेलो. म्हणालो, "बाबा, डाव्या खांद्यावर घ्या. तुमचं बरोबर असतं. त्या दिवशीही बरोबरच होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी साधं विचारलं, "तू बघितलं होतंस?"

हो म्हणायला माझं काय जात होतं? पण त्यांना एकदा खोटं सांगून झालं होतं.

"नाही बाबा," मी म्हणालो. "बघितलं नव्हतं."

त्यांनी मान हलवली आणि जानवं तसंच गळ्यात ठेवून उन्हात खुर्ची ओढून बसले.